चपला असेपर्यंत

त्या वस्तीत कुठल्याच घराला जिना नव्हता. बसकी घरं वाळूच्या कडेने एका ओळीत टेकलेली आणि तीन-चार घरं सोडली की समुद्राकडे जाणारी एक गल्ली. गल्लीला दार नाही, पाटी नाही, हटकणारं कोणी नाही. बसमधून उतरायचं, सरळ चालत सुटायचं आणि पाय ओले होईपर्यंत थांबायचं नाही, इतका साधा मामला. लोक शिवणकाकूंना विचारायचे, "दरवर्षी तिथंच काय जाता? बघण्यासारखं काय आहे तिथं?" काकू मशीनवरची मान वर न करता म्हणायच्या, "काही नाही. म्हणून तर जातो."

काकूंचं शिवणाचं दुकान शहरात होतं. अर्ध्या शहराची मापं त्यांनी शाळेच्या गणवेशासाठी घेतली होती, त्यामुळे मोठेपणी कोणी कितीही रुबाब केला तरी काकूंवर त्याचा परिणाम होत नसे. त्यांचे यजमान शहर बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणत. लग्नानंतर दोघं फिरायला निघाले, बसमध्ये डुलक्या काढत बसले आणि उतरायचा थांबा मागे पडला. बस या वस्तीपाशी संपत होती, म्हणून इथं उतरले. दुसऱ्याच्या बसमध्ये झोपलेला ड्रायव्हर म्हणून काकू त्यांना अजून चिडवत. तेव्हापासून दरवर्षी मुक्काम ठरलेला, तोही वस्तीतल्या आक्कांच्याच घरी, गल्लीला लागून असलेल्या खोलीत. दोन खाटा, एक खिडकी, एक माठ आणि रात्रंदिवस पाण्याचा आवाज.

त्या वस्तीची एक रीत होती. समुद्रावर जाणाऱ्याने चपला गल्लीच्या तोंडाशी काढायच्या. वाळूत चपला कशाला, हे झालं वरवरचं कारण. खरं कारण असं, की दिवेलागणीला गल्लीशेजारच्या घरातलं माणूस बाहेर येऊन बघायचं. चपला शिल्लक दिसल्या म्हणजे कोणीतरी अजून पाण्याकडे आहे. मग हाक मारायची. उत्तर आलं नाही तर शेजाऱ्यांना उठवायचं आणि सगळ्यांनी मिळून किनारा पालथा घालायचा. चपला असेपर्यंत गल्लीकडचं दार लावायचं नाही आणि दुसऱ्याच्या चपलांना हात लावायचा नाही. पायाने बाजूला सारायच्याही नाहीत. ज्याचा माणूस परत येत नाही, त्याच्याच घरच्याने येऊन त्या उचलायच्या, आणि उचलल्या म्हणजे शोध संपला असं समजायचं. ही रीत कोणी पाटीवर लिहून ठेवली नव्हती. पहिल्याच वर्षी आक्कांनी ती सांगितली आणि काकूंनी ती पदराला गाठ मारून ठेवली.

गेल्या वर्षी मात्र घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत काकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, वाचा परत आली, पण डावा पाय जो मागे राहिला तो राहिलाच. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिची चाहूल लागली की काका डोळे मिटून घोरायला लागायचे. ज्या माणसाने सगळा जन्म गर्दीतून बसचं एवढं धूड सुखरूप काढलं, त्याला खाटेपासून मोरीपर्यंत काठी टेकत जाण्याची लाज वाटत होती. काकूंनी समजावलं, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. डॉक्टर म्हणाले होते, आता चालले नाहीत तर पुढे चालता येणार नाही. शेवटी एकदा काकाच वैतागून म्हणाले, "एकदा त्या समुद्रात पाय बुडवू दे, मग तू म्हणशील तेवढं चालतो."

काकूंनी तो शब्द घट्ट धरून ठेवला. आक्कांच्या बाजूची गल्ली काकांना जमण्यासारखी होती. फरशी सपाट, एका अंगाला हात टेकायला भिंत, आणि शेवटी पायरी नाही, नुसता उतार जाऊन वाळूला मिळालेला. बाकीच्या गल्ल्या शेवटी दगडी पायऱ्यांनी खाली उतरत, त्यांना कठडाही नव्हता. काकांची डावी चप्पल पायातून निसटायची, म्हणून काकूंनी एका जुन्या दप्तराचा पट्टा कापला आणि जाड सुईने टाचेमागे शिवला. चामड्यात सुई घालताना दोनदा बोटात घुसली. पट्टा निळा होता, चप्पल तपकिरी. काका म्हणाले, "शाळेत घालतेस की काय मला?" काकू म्हणाल्या, "तिथूनही पळूनच याल तुम्ही."

बसमधून उतरल्यावर काकूंना आधी दिसला तो जिना. आक्कांच्या घरासमोर, गल्लीच्या दुसऱ्या अंगाला, आक्कांच्या भावाचं घर होतं. भाऊ गेला होता आणि आता त्या घरावर मजला चढला होता. बाहेरून पांढरा जिना, वर काचेचा सज्जा, सज्जात खुर्च्या. आणि दोन घरांच्या मधे, गल्लीच्या तोंडावर, काळं लोखंडी फाटक. त्यावर पाटी: 'खासगी रस्ता. फक्त आमच्या पाहुण्यांसाठी.'

फाटकाशी खुर्ची टाकून मामा बसले होते. मामा म्हणजे वस्तीतले होड्या दुरुस्त करणारे. अंगात इस्त्रीचा कडक शर्ट, छातीवर बिल्ला, आणि चेहरा असा की जणू तो शर्ट चोरून घातलाय.

"मामा, हे काय?"

मामांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "मालकांनी लावलंय. मला बसवलंय इथं."

"कोण मालक?"

"आक्कांचा भाचा. येतो-जातो तो पाहुणा त्याचा आहे का, ते बघायचं. दिवस मावळला की कुलूप."

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण काका काठीवर भार देऊन उभे होते, त्यांचा डावा खांदा उतरत चालला होता. काकूंनी त्यांना खोलीत नेऊन खाटेवर बसवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. आक्का भाजी निवडत होत्या. निवडलेली भाजी पुन्हा निवडत होत्या.

"फोनवर एवढं बोललात आक्का, खोली झाडून ठेवते म्हणालात. फाटकाचं बोलला नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?" आक्का म्हणाल्या. "मला वाटलं, यावं तरी."

"आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत त्याला?"

आक्का भाजीतल्या काड्या शोधत राहिल्या. काकू तशाच उभ्या राहिल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या भावाचं एवढं एकच लेकरू. म्हणतो, आत्या, तुला धंद्यातलं कळत नाही. नाहीच कळत मला."

वस्तीनेही असंच केलं होतं. आधी कुरकुरले, मग वळसा घालून पायऱ्यांच्या गल्लीने जायला लागले. तरुणांना पायऱ्यांचं काय. म्हाताऱ्यांनी ओट्यावर बसून नुसता वारा घ्यायला सुरुवात केली होती. कोणाशी वाकडं नको, असं म्हणता म्हणता सगळ्यांनी गल्ली सोडून दिली होती.

खोलीत काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. "उद्याच्या बसने परत जाऊ," ते म्हणाले. "पाय बुडवून असं काय मोठं होणार होतं?" आवाजात राग नव्हता, हेच काकूंना सहन होईना. रागावलेल्या माणसाला चालवता येतं. ज्याने सोडून दिलंय त्याला कुठून धरायचं, हे त्यांना कळेना.

सकाळी काकू भाच्याकडे गेल्या. तो ओळखून पुढे आला, वाकून नमस्कार केला, चहा मागवला. गोड बोलणारा मुलगा, लहानपणापासूनच तसा. त्याची फाटलेली चड्डी काकूंनी याच ओट्यावर बसून शिवून दिली होती आणि तो टॉवेल गुंडाळून रडत शेजारी उभा होता. आता त्याच्या हातात दोन फोन होते.

"काकू, मी काही वाईट करत नाही," तो म्हणाला. "लांबलांबून माणसं येतात. त्यांना शांत जागा हवी असते. गल्लीतून कोणीही येतं, कोणीही जातं, पोरं ओरडतात, कोळणी टोपल्या घेऊन जातात. तक्रारी येतात मग."

"शांतच होती की जागा."

"तेच तर. म्हणून तर लोक येतात."

"अरे, पण ती शांत ठेवली कोणी? आम्हीच ना? ओरडणाऱ्या पोरांनी आणि टोपलीवाल्यांनीच ना? आता आम्हाला बाहेर काढून तीच शांतता तू विकायला बसलास."

भाच्याने कपाळ चोळलं. त्याला भांडायचं नव्हतं, आणि काकूंशी तर नव्हतंच. "काकांचं ऐकलं मी," तो म्हणाला. "वाईट वाटलं. असं करा, सकाळी पाहुणे उठायच्या आधी तासभर त्यांना घेऊन जात जा. मामांना सांगून ठेवतो. फक्त बाहेर बोलू नका, नाहीतर उद्या सगळेच मागतील."

खरं सांगायचं तर काकूंना हायसं वाटलं. एवढं भांडायचा चंग बांधून आल्या होत्या आणि हवं ते आयतं हातात पडलं होतं. दुसऱ्याच क्षणी त्यांना त्या हायसं वाटण्याचाच राग आला. निघताना फाटकातून बाहेर पडता पडता त्या आतल्या बाजूला भिंतीला लावलेलं काहीतरी बघून थबकल्या. छान रंधा मारलेली लाकडी फळी होती, चांगली लांबलचक, खाली पाणी निथळायला फटी ठेवलेल्या. वर पितळी अक्षरांत: 'चपला इथे काढाव्यात.'

खोलीत येऊन त्यांनी काकांना सगळं सांगितलं, फळीचं तेवढं सोडून. काका भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. सांगून झालं तरी हलले नाहीत. मग एकदम उजव्या हाताने खाटेची कड धरून ते उठून बसले.

"बाहेर बोलू नका म्हणाला?"

"हो."

"मी सगळा जन्म सार्वजनिक गाडी चालवली," काका म्हणाले. शब्द थोडे अडखळत येत होते, पण येत होते. "ओळखीचा म्हणून कोणाला थांबा सोडून चढवलं नाही. माझ्या सख्ख्या भावालाही नाही, सहा महिने बोलत नव्हता तो. आणि आता मागच्या दाराने मी समुद्रावर जाऊ?"

"मग जायचं नाही?" काकूंनी मुद्दाम विचारलं.

"जायचं नाही कसं? मी जाणार. पण त्याच्या मेहेरबानीने नाही जाणार."

किती महिन्यांत 'मी जाणार' हे शब्द काकूंनी ऐकले नव्हते. त्यांना रडू आलं आणि हसूही आलं. हसू आधी बाहेर पडलं. "अहो, त्या शहाण्याने फाटक लावलं, पाटी लावली, रखवालदार बसवला," त्या म्हणाल्या, "आणि आतून चपलांना फळी केली आहे. गल्ली असावी आणि चपला ठेवायला जागा नसावी, असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. वाढलाय ना इथं."

 काकांच्या तोंडाची उजवी बाजू हसली आणि थोड्या वेळाने डावीनेही प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं फाटकाशी आले. मामांनी ते उघडून धरलं, खजील होऊन. काकूंनी वाकून काकांच्या टाचेमागचा निळा पट्टा सोडवला, दोघांच्या चपला फळीवर अगदी मध्यावर, नीट जोडीने ठेवल्या आणि फळीवरून एकदा हात फिरवला. "सुबक काम आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच केलंत ना मामा?" मामांनी मान हलवली आणि काहीतरी लक्षात आल्यासारखे ते त्या चपलांकडे बघत राहिले.

गल्ली काकूंना वाटलं होतं त्याहून लांब निघाली. काका उजवा हात भिंतीवर टेकायचे, उजवा पाय उचलायचे, डावा ओढून आणायचे, मग श्वास घ्यायचे. काकू डाव्या बाजूने चालत होत्या, पण त्यांनी हात धरला नाही. काकांनी तशी ताकीद दिली होती. आक्कांच्या न्हाणीघराची भिंत संपली, मग त्याच बाजूला भाच्याने बांधलेली नवी गुळगुळीत भिंत लागली. तिच्यावर हात सरकायचा. तिथं काका एक सणसणीत शिवी हासडून थांबले आणि पुन्हा निघाले. उतार आला, भिंत संपली तशी काकूंनी काठी हातात दिली, पायाखाली फरशीऐवजी वाळू आली, कोरडी, मग ओली. पहिली लाट घोट्यापर्यंत आली तेव्हा काकांनी डोळे मिटले. "डाव्या पायालाही गार लागतंय," ते म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता. काकूंनी पदराने पुसलं आणि स्वतःचेही डोळे पुसून घेतले.

तासाभराने मामा वाळूवर आले. काका-काकू होडीच्या सावलीत बसले होते.

"काकू, वेळ झाली. फाटक लावायचंय."

"फळीवर चपला आहेत का?"

"आहेत."

"कोणाच्या?"

"तुमच्याच."

"मग आम्ही अजून इकडेच आहोत," काकू म्हणाल्या. "चपला आहेत आणि फाटक लावायचं, हे कधी ऐकलंय का तुम्ही?"

मामांनी नव्हतं ऐकलं. ते परत गेले. काकूंना गल्लीतून सरळ दिसत होतं. मामा फाटकाशी गेले, कडीला हात लावला, चपलांकडे पाहिलं आणि फाटक सताड उघडं ठेवून खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने वरून भाचा उतरला. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण भाच्याचे हात फाटकाकडे जात होते आणि मामांचे फळीकडे. काकू उठल्या. "बसा इथं, हलू नका," त्यांनी काकांना बजावलं आणि पदर खोचून त्या गल्लीतून वर गेल्या.

"मामा, मी पगार कशाचा देतो?" भाचा म्हणत होता.

"चपला आहेत," मामा म्हणाले.

"दिसतंय मला. त्या उचलून बाहेर रस्त्यावर ठेवा आणि फाटक लावा."

मामांनी छातीवरचा बिल्ला काढला आणि खुर्चीवर ठेवला. "ते मी करणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी सांग."

आवाज ऐकून गल्लीकडच्या दारात आक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या. हाताला पीठ होतं. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, काकूंकडे पाहिलं. "काकू, मी तुम्हाला चांगुलपणाने आत सोडलं आणि तुम्ही माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटताय," तो म्हणाला. "कमाल आहे. चपलाच आहेत शेवटी." आणि तो वाकला, काकांच्या निळ्या पट्ट्याच्या चपलेला हात घालायला.

"हात लावू नकोस," आक्का म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता, तरी त्याचा हात तिथंच राहिला.

"त्या माणसाची बायको समोर उभी आहे," आक्का म्हणाल्या. "तो खाली बसलाय, जिवंत. त्याच्या चपला तू कोण उचलणार? तुझ्या आतोबांच्या चपला मी इथूनच उचलल्या होत्या. तू माझा पदर धरून उभा होतास. आठवतं का तुला? पंधरा दिवस त्या इथं पडून होत्या आणि कोणी दार लावलं नव्हतं. तुझ्या बापाने या दगडावर बसून रात्री काढल्या. सोळाव्या दिवशी मी म्हटलं, बस झालं, आणि मी उचलल्या. तोपर्यंत कोणी हात लावला नाही. आणि तू पाहुण्यांसाठी उचलतोस."

भाचा सरळ झाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याला आठवत होतं, हे काकूंना दिसलं. तो पांढऱ्या जिन्याने वर निघून गेला. त्याचं मन वगैरे पालटलं, असं कोणी समजू नये. त्याला एवढंच कळलं होतं, की ते आपल्या हातून व्हायचं नाही.

आक्का दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पीठ झटकलं, पायातल्या चपला काढल्या, काकूंच्या चपलांशेजारी नेऊन ठेवल्या आणि गल्लीतून खाली समुद्राकडे चालू लागल्या. त्या किती वर्षांनी त्या बाजूला जात होत्या, ते विचारायची काकूंना हिंमत झाली नाही.

वस्तीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. आधी दोन कोळणी आल्या, टोपल्यांसकट. मग शाळा सुटल्यावर पोरांची धाड आली. मग ओट्यावरचे म्हातारे, एकमेकांना धरून. दुपारपर्यंत फळी भरली, मग चपला फरशीवर आल्या आणि शेवटी फाटकाच्या दोन्ही दारांना टेकून त्यांचा ढीग झाला. मामा बिल्ल्याशिवाय खुर्चीवर बसून येणाऱ्याला सांगत होते, "जोड्या नीट ठेवा, नंतर शोधत बसू नका." सज्जातल्या पाहुण्यांनी वाकून पाहिलं. त्यातलं एक जोडपं खाली उतरलं, काय चाललंय ते विचारलं आणि आपलेही बूट काढून ठेवून गेलं.

दिवस कलला तशी माणसं परत आली, आपापल्या जोड्या घालून घरी गेली. सगळ्यात शेवटी काका-काकू वर आले. फाटकाशी भाचा उभा होता, थकलेला. फळीवर त्यांच्याच चपला उरल्या होत्या.

"झालं ना काकू मनासारखं?" तो म्हणाला. "आता घाला आणि मला फाटक लावू द्या. उद्याचं उद्या बोलू."

काकूंनी चपलांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काकांनी भुवई उडवली, आरशात मागचा प्रवासी पाहून उडवायचे तशी. मग दोघं फळीसमोरून अनवाणी पुढे गेले.

"काकू, चपला."

"असू देत," काकू म्हणाल्या. "आम्ही अजून परत आलो नाही."

ते पुढचे सगळे दिवस दोघं वस्तीत अनवाणी हिंडले. काका रोज सकाळ-संध्याकाळ गल्लीतून जायचे, भिंतीला शिव्या घालत. शेवटच्या दिवशी ते भिंतीला हात न लावता उतारापर्यंत गेले. बसला निघताना काकूंनी त्यांच्या पायात मोजे चढवले आणि आपल्या पायात आक्कांच्या जुन्या सपाता घातल्या. भाचा जिन्यावरून बघत होता. फळीवर दोन जोड्या तशाच होत्या.

घरी आल्यावर व्यायामवाली मुलगी आली की काका स्वतः दार उघडायला लागले. ते घोरायचे, पण रात्रीच. आठवड्यातून एकदा आक्कांचा फोन यायचा आणि काका आधी तेच विचारायचे. "चपला?"

"आहेत."

"फाटक?"

"उघडं."

एकदा मात्र आक्का फोनवर एवढ्या हसत होत्या की काकूंना आधी काही कळेना. भाच्याने म्हणे बाहेरगावचा रखवालदार आणला होता, धिप्पाड, रीत-बीत न जाणणारा. दिवस मावळला तसं त्याने चपलांकडे ढुंकूनही न बघता फाटक ओढून घेतलं. कुलपाचा आवाज झाला आणि मामांनी बोंब मारली, की चपला आहेत आणि दार लागलं. झालं, सगळी वस्ती बॅटऱ्या घेऊन पायऱ्यांच्या गल्ल्यांनी किनाऱ्यावर धावली. "ड्रायव्हरकाका," "शिवणकाकू," अशा हाका सुरू झाल्या. सज्जातले पाहुणे घाबरून खाली आले. कोण बुडालं, कोण बुडालं, एकच गोंधळ. फाटक उघडेपर्यंत हाका थांबल्या नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी त्या धिप्पाड माणसाने गाशा गुंडाळला. "मी सगळ्यांच्या पुढे होते," आक्का म्हणाल्या. "घसा बसलाय माझा."

"आम्ही इथं जेवत होतो हो," काकू म्हणाल्या.

"ते आम्हाला काय माहीत?" आक्का म्हणाल्या. "चपला तर होत्या."

पुढच्या वर्षी दोघं उतरले तेव्हा काकांच्या हातात काठी होती, पण ती बहुतेक वेळ दाखवायलाच. मामा फळीशेजारच्या दगडावर होडीचं वल्हं तासत बसले होते. खासगी रस्त्याची पाटी गेली होती. फाटक होतं तिथंच, भिंतीला टेकलेलं. खारट हवेने बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या आणि मामा म्हणाले, की आता लावायचं म्हटलं तरी ते हलणार नाही. भाचा सज्जात उभा होता. त्याने मान हलवली. काकूंनीही हलवली. त्याहून जास्त दोघांनाही जमलं नाही.

फळीवर दोन जोड्या होत्या. वर्षभराच्या उन्हावाऱ्याने चामडं वाळून टोकं वर वळली होती. निळ्या पट्ट्याचा रंग उडाला होता, पण टाके जागच्या जागी होते. काकू ते टाके बघायला वाकल्या, पण त्यांनी हात लावला नाही.

काकांनी भिंतीला पाठ टेकली आणि पायातल्या नव्या चपला एकेक करून काढल्या. खाली वाकून त्यांनी त्या जुन्या जोडीच्या शेजारी ठेवल्या आणि ते समुद्राकडे निघाले.